सर्जेरावाचा खुराक

“…पण वस्ताद, मला खाली घेतलं कुठल्या डावानं, एवढं तरी सांगा.”

सर्जेराव मगदूम तालमीच्या कट्ट्यावर धापा टाकत बसला होता. ऐन जवानीत ह्या गड्याची पाठ जिल्ह्यात कुणी मातीला लावली नव्हती. आता बेचाळिसाव्या वर्षी साखरेच्या आजारानं त्याला पार लोळवला होता. नुसत्या गोळ्या पुरेनात, साखर अशीच राहिली तर नजरेला धोका आहे, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलेलं. त्याच्या वडिलांचे डोळे असेच गेले होते. पहिलवान आतून हबकला होता, पण मिशीचा पीळ काही उतरत नव्हता.

बाबालाल वस्तादांनी ऐंशी कधीच ओलांडली होती. गोळ्या वेळेवर घेतोस ना, एवढं त्यांनी आधी विचारलं. तो हो म्हणाला. मग म्हणाले, दिवसभर काय काय करतोस ते सांग.

त्यात काय सांगायचं? उठल्यावर तांब्याभर दूध, वर तुपाची धार. दुपारी बदामाची थंडाई, साखर सैल हातानं. मग ताणून द्यायची. संध्याकाळी पानपट्टीपर्यंत जायचं तर तेही गाडीवर…

हा खुराक वस्तादांनीच लावून दिला होता. पण तो रोज हजार बैठका मारणाऱ्या पोराला. बैठका सुटल्या, कुस्ती सुटली, त्याला आठ वर्षं झाली. खुराक मात्र पहिलवानाच्या इज्जतीचा, तो कसा सोडणार?

“खंड कधी पडला?”

“खंड?” सर्जेरावानं छाती काढली. “मेव्हण्याच्या लग्नाला गेलो तरी थंडाईचा डबा बरोबर होता.”

“आठ वर्षांत… एक दिवस नाही?”

“एक दिवस नाही.”

बोलून गेला आणि स्वतःचेच शब्द त्याच्या कानात घुमले. छाती खाली आली.

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. आखाड्याच्या हौद्यातली चिमूटभर तांबडी माती त्यांनी उचलली आणि कुस्ती मारून आलेल्या गड्याला लावावी तशी त्याच्या कपाळाला लावली.

सर्जेरावाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

“चुकलो, वस्ताद. दुसऱ्या कुणी नाही, मीच रोज थोडं थोडं… आता काय उरलंय माझ्यात?”

वस्तादांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

“साठ वर्षं पोरं घडवली, सर्जा. आठ वर्षांत एक दिवस न चुकवणारा गडी मला आजवर मिळाला नव्हता. उद्या पहाटे ये.”