देवराईतला चिमुकला पाळणा

ऐका हं, पण मध्येच बडबडायचं नाही! करवंदवाडीत दुर्पी नावाची एक मुलगी होती. आईबाप नव्हते तिला, सगुणामामीनं सांभाळलं होतं. घरात भाकरीसुद्धा वाटून खायची वेळ, त्यात जवळचा झरा आटलेला. भर उन्हात दोघी लांबून पाणी आणायच्या. वाटेवर सावलीला एक झुडूप नाही! मामीचे पाय पोळायचे, पण दुर्पीला ती आपल्या सावलीतून चालवायची.

करवंदवाडीची एक गोड रीत होती. बाळ हवंसं वाटलं, की बाईनं कापडाचा इवलासा पाळणा शिवायचा आणि देवराईतल्या, म्हणजे देवाच्या रानातल्या, जुन्या वडाला आपल्या हातानं बांधायचा. मामीनं पाळणा शिवला होता. लाल-पिवळा, कडेला लुकलुकत्या टिकल्या! पण तो पेटीतच पडून होता.

"बांध ना ग मामी! मला भाऊ नाहीतर बहीण हवी," दुर्पी सारखी मागे लागायची.

"कशी बांधू, बाय? दरवर्षी ऊन वाढतंय. पाऊस आला तर घरं घेऊन जातो, नाहीतर येतच नाही. माझं बाळ मोठं होईल तेव्हा त्याला प्यायला पाणी तरी असेल का? मला फार भीती वाटते ग." मामी पदरानं डोळे पुसायची. मामा बिचारा म्हणायचा, "तुझं मन होईल तसं."

एका संध्याकाळी दुर्पीनं काय करावं? गुपचूप पाळणा घेतला आणि स्वतःच वडाला बांधून टाकला! अगं बाई, काय हा आगाऊपणा!

गाठ बसली मात्र, टिकल्या झगमगल्या आणि पाळण्यात अंगठ्याएवढी परी डोळे चोळत उठून बसली. हिरवे सोनेरी पंख, कानात दवाचे डूल.

"कुणी ग बांधला हा? ज्याचा पाळणा, त्याची ही गाठ नव्हे!"

दुर्पी रडवेली झाली. "मी बांधला. मामीचा आहे. चुकलं माझं."

"खरं बोललीस, म्हणून एक इच्छा देते. पण नियम आहेत हं. आभाळ माझ्या हातात नाही, तेव्हा सगळं ऊन थंड कर म्हणू नकोस. आणि देईन ते जपावं लागेल, नाहीतर वाळून जाईल. हवं तर मामीची भीती पुसून टाकते. उद्याच येऊन पाळणा बांधेल ती."

दुर्पीच्या ओठांवर 'हो' आलंच होतं. मग तिला मामीचे पोळलेले पाय आठवले.

"नको," ती हळूच म्हणाली. "न आलेल्या बाळाचीसुद्धा काळजी करते ती. ते पुसलंस तर माझी मामी कुठली राहील? तिचं तिला ठरवू दे. नाही म्हणाली तरी ती माझीच मामी. तू आमच्या पाण्याच्या वाटेवर सावली दे."

"गुणाची ग माझी पोर!" परीनं टाळी वाजवली. वाटभर चमचम झाली आणि करंजाची, जांभळाची इवली इवली रोपं वर आली.

मग ती वडाच्या पानांत शिरली. दुर्पीनं गाठ सोडून पाळणा घरी नेला आणि मामीला सगळं सांगून टाकलं. मामी रागावली नाही, पाळणा तिनं पुन्हा पेटीत ठेवला. दुसऱ्या दिवसापासून दुर्पी रोपांना ओंजळ ओंजळ पाणी घालू लागली. मग मामी आली, मामा आला, हळूहळू अख्खी वाडी आली. रोपं वाढली, वाटेवर गार हिरवी सावली पडली.

आणि एके सकाळी मामीनं आपणहून पाळणा काढला.

"मामी, भीती गेली का ग?" देवराईत पोचल्यावर दुर्पीनं विचारलं.

"नाही ग, आहे अजून. पण मला बाळ हवंय. आणि त्याची काळजी करायला मी एकटी नाही, हे बघितलं ना मी." मामीनं पाळणा फांदीला लावला. "ये इकडे. गाठीचं दुसरं टोक तू धर, ताईबाई."

दोघींनी मिळून गाठ मारली. पाळण्यातून तीच परी खुदकन हसली, सारा वड सोनेरी उजेडानं भरून गेला, आणि त्या उजेडात ती दिसेनाशी झाली. पाळणा मात्र वाऱ्यावर हलकेच झुलत राहिला.