दिवेलागणीची रिकामी नाव

फार पूर्वी एक नगर होतं, पण ते एका काठावर मावत नव्हतं. मधून रुंद नदी वाहायची. अलीकडच्या काठावर राजवाडा, बाजारपेठ आणि मोठमोठी घरं. पलीकडच्या काठावर कोष्टी, कुंभार, बुरूड आणि कासार. वस्तू पलीकडे बनायच्या आणि अलीकडे विकल्या जायच्या, त्यामुळे दोन्ही काठांचं एकमेकांवाचून चालत नसे.

नदी अशी अवखळ, की तिच्यावर पूल टिकत नसे. म्हणून राजाच्या आजोबांनी सरकारी नावा सुरू केल्या होत्या. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आठ फेऱ्या. माणशी भाडं एक दमडी, बाकीचा खर्च खजिन्यातून. आजोबांनी असं का ठरवलं, हे आता कुणाला आठवत नव्हतं.

एका वर्षी दरबारात नवा कारभारी आला. माणूस सचोटीचा, कष्टाळू. खोड एकच. जे मोजता येत नाही, ते त्याच्या लेखी नव्हतंच. नावांपायी खजिन्याला तोटा होतो हे पाहून त्याने भाडं दोन दमड्या केलं. लोक कुरकुरले, काही यायचे बंद झाले आणि तोटा होता तेवढाच राहिला.

मग कारभाऱ्याने प्रत्येक फेरीसाठी एक गाडगं ठेवायला लावलं. माणूस नावेत चढला की नावाड्याने त्यात एक चिंचोका टाकायचा. महिन्याने गाडगी वाड्यावर आली. सकाळच्या फेरीचं काठोकाठ भरलेलं. दिवेलागणीच्या फेरीचं हलवलं तर खुळखुळ्यासारखं वाजलं. हिशेब निघाला दिवसाला दोन-तीन माणसांचा. दोन-तीन माणसांसाठी चार नावाड्यांनी वल्ही मारायची, हे काही त्याला पटेना. त्याने ती फेरी बंद केली.

आता गंमत पाहा. बंद केली दिवेलागणीची नाव, आणि पुढच्या महिन्यात सकाळच्या फेरीचं गाडगं अर्ध्यावर आलं. सकाळच्या नावेला तर त्याने हातही लावला नव्हता. तोटा वाढला म्हणून त्याने आणखी फेऱ्या कमी केल्या आणि भाडं तीन दमड्यांवर नेलं. सकाळची नाव आणखी ओस पडली. असं करता करता आठाच्या चार फेऱ्या उरल्या, आणि शेवटची नाव तिसऱ्या प्रहरीच सुटू लागली.

राजाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, की पाडव्याच्या दरबारात याचा काय तो निकाल लावू. नावा आपला खर्च भागवत नसतील, तर लाकडाच्या भावाने विकून टाकू. पलीकडच्या काठावर ही बातमी पोचली. नावाच नाहीत तर माल विकायचा कुठे? एकेक घर गाडीत सामान भरून दुसऱ्या नगराची वाट धरू लागलं. दर आठवड्याला एखाद्या दाराला नवं कुलूप दिसायचं.

लोकांनाच नावा नकोत, एवढं दरबारात सांगून कारभारी मोकळा झाला असता. त्याला कुणी दोष दिला नसता. पण त्याच्या डोक्यात एक किडा वळवळत होता. संध्याकाळची नाव बंद केल्यावर सकाळची का रिकामी व्हावी? त्याला जेवण गोड लागेना. त्याने ज्योतिषाला विचारलं, तर ज्योतिषाने शनीकडे बोट दाखवलं. कोतवालाला विचारलं, तर तो म्हणाला, नावाडी गाडग्यातले चिंचोके भाजून खातात. कारभाऱ्याने आठ दिवस नावांवर शिपाई बसवला. कुणी एक चिंचोका खाल्ला नाही. शिपायाला मात्र नावेत मळमळायचं, तो सुट्टी मागू लागला.

शेवटी कारभारी स्वतःच सकाळच्या नावेत बसला. इतकी वर्षं नदीकाठी राहून त्याने पलीकडचा काठ नुसता लांबून पाहिला होता.

धक्क्यावर उतरून तो दारोदार विचारत निघाला. निम्म्या दारांना कुलपं होती. दुपार टळत आली तेव्हा एक दार उघडं दिसलं. आत एक कासारीण बांगड्या गवतात गुंडाळून पेटाऱ्यात भरत होती. तीही नगर सोडून चालली होती. गाडी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी यायची ठरली होती. तिने कारभाऱ्याला बसायला पाट दिला, गूळ-पाणी दिलं. ओळख सांगितल्यावरही ती फारशी दबली नाही. जाणाऱ्या माणसाला कसली भीती?

कारभाऱ्याने विचारलं, "बाई, दिवेलागणीच्या नावेने तुम्ही रोज परत येत होता का?"

"रोज कुठलं? वर्षातून चार-पाच वेळा आले असेन."

"मग ती बंद झाली तर तुमचं काय अडलं?"

कासारीण नुसती बांगड्या गुंडाळत राहिली. कारभारी उठला, दारात जाऊन नदीकडे पाहून आला. परत बसला. दोन घोट पाणी प्यायला आणि पुन्हा उठला.

"साहेब," ती म्हणाली, "आल्यापासून चार वेळा उठलात. काय बघताय?"

"शेवटची नाव सुटायची वेळ झाली. चुकली तर घरी कसा जाऊ?"

"हेच ते. मी पलीकडे जाते नवरीचा चुडा भरायला. नवरीचे दोन्ही हात एकाच बैठकीत, एकाच कासारणीने भरायचे असतात. एक हात भरला आणि नाव सुटतेय म्हणून दुसरा ओका टाकून उठले, तर लोक दारात उभं करतील का मला? लग्नाच्या घरी कधी नवरीच उशिरा न्हाते, कधी पाहुण्यांची पंगत लांबते. बहुतेकदा मी वेळेत निघते. पण नाहीच निघता आलं तर दिवेलागणीची नाव आहे, एवढ्या भरवशावर घर सोडायची. ती नाव मला संध्याकाळी घरी आणत नव्हती, साहेब. ती मला सकाळी घराबाहेर काढत होती."

कारभारी पुन्हा पाटावर टेकला. त्याला स्वतःची लाज वाटली. कोष्ट्याचं गिऱ्हाईक कधी घासाघीस करत बसतं, कुंभाराची शेवटची दोन मडकी कधी उशिरा खपतात. सगळ्यांचं तेच असणार. त्याला आणखी दहा गोष्टी विचारायच्या होत्या, पण धक्क्यावरून नावाड्याची हाक आली, आणि राज्याचा कारभारी धोतराचा सोगा धरून पळत सुटला.

पाडव्याला दरबार भरला. कारभारी उभा राहिला आणि त्याने सरळ सांगितलं, की चूक माझी झाली. नावा विकू नयेत, दिवेलागणीची फेरी पुन्हा सुरू करावी आणि भाडं पूर्वीसारखं एक दमडी करावं.

राजाने विचारलं, "ती नाव पुन्हा सोडली, तर तिच्यात माणसं किती बसतील?"

पन्नास म्हटलं असतं तरी तिथे तपासणारं कोण होतं? कारभाऱ्याने क्षणभर पायांकडे पाहिलं.

"दोन-तीन, महाराज."

दरबार खो-खो हसला. राजाही हसला. हसणं थांबल्यावर कारभाऱ्याने हळूच विचारलं, "महाराज, गेल्या वर्षी आपण किती दिवस आजारी होता?"

"चार दिवस. का?"

"राजवैद्यांना पगार मात्र बारा महिन्यांचा आहे."

राजवैद्य दचकून पागोटं सावरू लागले. राजाने वैद्यांकडे पाहिलं, मग कारभाऱ्याकडे पाहिलं. वैद्य घरात आहे म्हणून आपण बिनघोर शिकारीला जातो, हे त्याला ठाऊक होतं.

"पण खर्च कुणी द्यायचा?" राजाने विचारलं.

कारभारी म्हणाला, की थोडा खजिन्याने द्यावा, थोडा बाजारपेठेने. एक व्यापारी तडकला. तो जन्मात कधी नावेत बसला नव्हता, मग त्याने का द्यायचं? कारभाऱ्याने त्याला गेल्या सहा महिन्यांतल्या धंद्याचं विचारलं. व्यापारी चाचरला. पलीकडचे लोक माल विकायचे आणि त्याच पैशांत त्याच्याकडून मीठ-तेल घेऊन जायचे. हल्ली दुकानात माश्या मारायची वेळ आली होती. त्याने मान डोलावली, पण तोंड आंबटच ठेवलं.

राजाने हुकूम दिला आणि दुसऱ्या दिवशी एक दमडी भाड्याने आठही फेऱ्या सुरू झाल्या. कारभाऱ्याला वाटलं, आता झुंबड उडेल. कुणी आलं नाही. एकदा पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. आज सोडली, उद्या पुन्हा बंद केली तर? कासारणीच्या दारात गाडी आली, तेव्हा तिने पेटारे गाडीत चढवले नाहीत आणि उघडलेही नाहीत. गाडीवानाला पंधरा दिवसांनी ये म्हणून परत पाठवलं. दिवेलागणीची नाव रोज रिकामी यायची, रिकामी जायची, आणि कासारीण दारात उभी राहून पाहायची. कारभारी रोज घाटावर येऊन बसायचा. पंधरा दिवसांनी ती गाडी भरली, तर आपल्यामुळे उजाड झालेल्या घरांत आणखी एक घर वाढणार, हे त्याच्या मनातून जात नव्हतं.

बाराव्या दिवशी सकाळच्या नावेतून कासारीण उतरली. काखेत बांगड्यांची पेटी. तिच्यामागे दोन कोष्टी आणि एक बुरूड. तिने कारभाऱ्याला नमस्कार केला आणि लगबगीने एका लग्नघराकडे निघून गेली.

संध्याकाळी कारभारी तिची वाट पाहत घाटावर थांबला. दिवे लागले. नावाडी म्हणाला, "साहेब, कासारीणबाई तिसऱ्या प्रहरीच घरी गेल्या. चुडा लवकर भरून झाला. बाकीचेही गेले. आता कुणीच नाही. नाव सोडू की राहू दे?"

"सोडा," कारभारी म्हणाला.

रिकामी नाव निघाली. ती पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत कारभारी पाहत उभा राहिला. मग घरी जाऊन, कित्येक महिन्यांनी, पोटभर जेवला.

तात्पर्य: परत येण्याचा भरवसा असला तरच माणूस घरातून निघतो, म्हणून जी सोय रोज लागत नाही, तीही रोज असावी लागते.