हरल्या दिवशीच्या चुली

नदीकाठच्या एका गावात चिंचेची तालीम होती. नाव तालमीचं, पण वेड सगळं फुटबॉलचं! पलीकडच्या पेठेत घाटावरची तालीम. या दोघींचा सामना असला की गावात दुसरा विषय नसे. कप कधी इकडे, कधी तिकडे.

चिंचेच्या पेठेत एक रीत होती. कुणी घालून दिलेली नव्हे, आपोआप पडलेली. तालीम अंतिम सामना हरली, की त्या संध्याकाळी पेठेत चूल पेटत नसे. तालमीचा गोलरक्षक गुंडू हा पेठेतल्या हौसाक्काचा मुलगा. ती म्हणायची, "पोरगं तिकडं तोंड लपवून रडतंय, आन् मी भाकरी थापू व्हय?" घरोघरी हेच. सगळी पेठ पाणी पिऊन झोपायची.

सर्जेराव तालमीचे अध्यक्ष. लागोपाठ दोन वर्षं कप गेला. आता घसरलो तर घसरतच जाणार, असं त्यांना वाटू लागलं. त्यांनी लांबलांबच्या शहरांतून अकरा तयार खेळाडू आणले. पेठेतल्या पोरांना म्हणाले, "यंदा जरा बाजूला बसा रे. तालमीच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

पोरं बसली. गुंडूने हातमोजे खुंटीला अडकवले. पुढच्या वर्षीही तेच झालं, तेव्हा पोरांनी मैदानावर यायचंच सोडलं.

कप मात्र आले, एकामागून एक! हलगी कडाडली, गुलाल उधळला. मिरवणुकीत माणसं दरसाल कमी होत होती, पण सर्जेराव पुढे तोंड करून चालत होते. मागे बघायला त्यांना सवड कुठली!

मग घाटावरच्यांनीही बाहेरचे खेळाडू आणले, आणि यांच्यापेक्षा सरस आणले. अंतिम सामन्यात चिंचेची तालीम एका गोलने हरली. पाहुणे खेळाडू बिचारे जीव तोडून खेळले, सर्जेरावांना नमस्कार करून गाडीत बसले आणि आपापल्या गावी गेले.

सर्जेराव एकटेच पेठेत शिरले. मनात एकच आस होती. आज पेठेत चुली थंड असतील. हौसाक्काच्या उंबऱ्यावर बसू, चार माणसं जमतील, सगळे मिळून हळहळू. तेवढ्यानेही जीव हलका झाला असता.

पण गल्लीत पाऊल टाकताच रश्श्याचा घमघमाट आला. कुणाच्या घरी फोडणी तडतडत होती, कुणी पोरांना जेवायला हाका मारत होतं. हौसाक्का दारात बसून कांदा चिरत होती.

सर्जेराव थांबले. "आक्का, हरलो की गं आपण."

"आगं बाई! आज सामना हुता व्हय?" हौसाक्काने मान वर केली. "कोण कोण खेळलं?"

सर्जेरावांना अकरातलं एकही नाव तिला सांगावंसं वाटेना. सांगून तिला काय कळणार होतं? आत खुंटीवर गुंडूचे हातमोजे धूळ खात लटकले होते. त्यांच्याकडे बघता बघता सर्जेरावांचे डोळे भरून आले.

घरी बायकोने ताट वाढलं. त्यांनी ते हळूच बाजूला सरकवलं. साऱ्या पेठेत त्या दिवशी उपाशी राहिले ते एकटे सर्जेराव.

तात्पर्य: वरचं स्थान टिकवण्यासाठी आपलीच माणसं बाजूला सारली, तर कप मिळतात, पण हरल्यावर आपल्यासोबत रडायला कुणी उरत नाही.