पिंजाऱ्याची तात

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं आणि त्या गावात एक म्हातारा तिरंदाज होता, फार दमलेला. गावाची गुरं रानात चरायला निघाली की बिबट्यापासून ती राखायची, हे त्याचं काम. तरुणपणापासून तो हेच करत आला होता. आता सकाळी उठून पायात वहाणा सरकवल्या, की तेवढ्यानेच त्याला दिवस सरल्यासारखं वाटे.

त्याच्या धनुष्याला बांबूच्या कामटीची दोरी असे. बांबूच्या पाठीची सोलून काढलेली ती पट्टी मोठी चिवट. ऊन असो की धुकं, तिला फरक पडत नसे. फरक पडे तो बोटांना. ती अशी काचे की संध्याकाळी म्हाताऱ्याला भाकरीसुद्धा मोडवत नसे.

मग सांगावं ना कुणाला! पण त्या गावाची एक रीत होती. धनुष्य खाली कधी ठेवायचं ते धनुष्यवाल्यानेच सांगायचं, गावाने विचारायचं नाही. विचारणं म्हणजे त्याचा अपमान. त्यामुळे गाव गप्प आणि म्हाताराही गप्प. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. याने तर सुजलेली बोटं खरोखरच मुठीत झाकली होती.

दरवर्षी त्याला नवी कामटी काढून देई ती टोपल्या विणणारी एक विधवा. तिची एकच गाय होती, आणि त्या गायीच्या दुधावर तिची चूल पेटे. यंदा म्हातारा आला नाही, म्हणून तीच त्याच्याकडे गेली.

"बाबा, कामटी काढून ठेवू ना?"

"नको गं पोरी. यंदा दुसरं काहीतरी बघतो," मूठ मागे घेत तो म्हणाला.

त्याच सुमारास गावात कापूस पिंजायला पिंजारी आला. त्याच्या धनुकलीची तात म्हाताऱ्याने सहज छेडली, आणि सुखाने त्याचे डोळेच मिटले. आतड्याची ती दोरी गोल, गुळगुळीत होती. बोटाला जरा म्हणून काचत नव्हती.

"अशी एक मला दे की," तो म्हणाला.

"देतो, बाबा. पण ही कोरड्या हवेची. दमट दिवशी आम्ही पिंजायला बसतच नाही, ढिली पडते."

म्हाताऱ्याने ऐकलं. ऐकलं नाही असं कुणी म्हणू नये. त्याने आभाळाकडे पाहिलं, तर लख्ख ऊन होतं. दमलेल्या माणसाला आजचं ऊन पुरतं, उद्याचं बघायला त्याच्यात त्राण कुठे असतं?

काही दिवस बरे गेले. तीर सणसणत जाई, बोटं जरा निवली, भाकरी मोडता येऊ लागली. मग एका सकाळी डोंगरावरून धुकं उतरलं. गुरं वेशीबाहेर पडल्यावर म्हाताऱ्याने तात चाचपली. ती नरम लागली. घरी जुनी कामटी टांगलेली होती, पण परत फिरायचं म्हणजे पुन्हा चढ चढायचा. 'एका दिवसात काय होतंय,' असं मनाशी म्हणून तो गुरांमागे चालू लागला.

त्याच दिवशी बिबट्याने विधवेची गाय धरली. म्हाताऱ्याने तात कानापर्यंत ओढली. नेम बरोबर होता, नजर बरोबर होती. तीर निम्म्या वाटेत गवतात पडला. दुसरा त्याच्याही अलीकडे पडला. गाय एकदा हंबरली आणि मग रानात आवाज उरला नाही.

दुपार कलताना तो विधवेच्या दारात जाऊन उभा राहिला. बातमी आधीच पोचली होती.

"नेम चुकला का, बाबा?" तिने मान वर न करता विचारलं.

"नेम नाही चुकला, पोरी. दोरी ढिली होती. मला ठाऊक होतं." आणि त्याने मूठ उघडून बोटं पुढे केली.

तिने ती बोटं पाहिली. तिला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि राग जास्त आला.

"एवढं दुखत होतं, तर बोलला का नाहीत?"

"लोक म्हणाले असते, म्हातारा संपला."

ती उठली. त्याच्या हातातलं धनुष्य घेऊन तिने तात सोडवली, टोपलीजवळची एक लांब कामटी त्यावर चढवली आणि एका दमात कानापर्यंत ओढली. तिचा हात हललासुद्धा नाही.

"जन्मभर बांबू फोडतेय मी, बाबा. एकदा नुसतं 'दुखतं' म्हणाला असतात, तर धनुष्य मी धरलं असतं. माझी गाय आज दावणीला असती."

म्हातारा पायरीवर खाली बसला. गाय गेल्याचं दुःख होतंच. पण इतकी वर्षं आपण एकटेच दमत होतो, आणि तसं दमायची काही गरजच नव्हती, हे कळल्यावर त्याला रडू आवरेना.

"ठेव ते तुझ्याकडेच," तो कसाबसा म्हणाला. "माझ्याच्यानं आता होत नाही."

तात्पर्य एवढंच: थकण्यात लाज नाही. पण थकवा लपवण्यासाठी जो काम ढिलं करतो, त्याच्या थकव्याची किंमत दुसऱ्यालाच भरावी लागते.