टकोबाचा बाणा

झाडांना अजून मालक नव्हते, त्या काळची गोष्ट. एका राईत टकोबा नावाचा सुतारपक्षी पाखरांना घरं कोरून देई. एका झाडात एकच घर, हा त्याचा बाणा. त्यामुळे मान भरपूर मिळे, गिऱ्हाईक मात्र नाही.

एकदा घरं विकण्याचा धंदा करणाऱ्या साळुंकीबाई आल्या. "या सावरीत सहा घरं काढा. अळ्या हव्या तेवढ्या देते."

टकोबाने आपल्या बाण्यावर व्याख्यान सुरू केलं. बायको म्हणाली, "अहो, पिल्लांना काय बाणा भरवू?" टकोबाने मुकाट्याने चोच चालवली.

पाच घरं झाली, पाखरांनी अंडीही घातली, आणि खोड करकरलं.

"आता सहावं नको, झाड मोडेल," टकोबा म्हणाला.

"मग दुसरा सुतार बघते."

टकोबा घाबरला. कोणी चोच मारू नये म्हणून तो सहाव्या घराच्या जागेलाच चिकटून बसला. काही केल्या हलेना.

साळुंकीबाई नव्या गिऱ्हाइकांना म्हणाल्या, "पाहा, घडवणारे स्वतः इथेच राहायला आलेत!" साळुंकीबाई शेजारच्या झाडात काढणार होत्या, त्या घरांसाठी झुंबड उडाली.

टकोबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी कोणी मान वर करून पाहिलं, की तो हळूच तुरा नीट करायचा.