चंद्राक्काचं बोट

पोह्यांचा हंगाम आला की मलाच धरून आणता. एकदा ऐकलेलं ध्यानात ठेवायला काय होतं तुम्हाला? बसा आता. मधे कुणी बोललं तर मी उठून जाईन.

फार मागची गोष्ट आहे, आपल्या नदीवर पूल नव्हता तेव्हाची. उखळवाडीत घरोघरी पोहे कांडायचे. आणि गावात एक खुळी समजूत होती. छातीत कळ आली की ते गावदेव म्हातोबाचं बोलावणं. मग त्या माणसाला उंबऱ्याबाहेर बसवायचं, आणि बाई लेकुरवाळी असली तर तिचं पोर तिच्यापासून तोडायचं. का, ते कुणी विचारलं नाही.

वेणू म्हणून एक सून होती. पहिलटकरीण, पोर अजून अंगावर पिणारं. पोर डाव्या कडेवर आणि मुसळ एकट्या उजव्या हातात, असं तिनं हंगामभर कांडलं. एका दुपारी छातीत सुई टोचल्यासारखी कळ आली. श्वास घेतला की टोचायची. वेणू नेमकी सासूपुढंच 'आई गं' म्हणून गेली. सासू भागीरथीनं पोर काढून घेतलं आणि दार लोटून आतून कडी घातली.

वेणू वळचणीला बसली. आत पोर रडत होतं, बाहेर तिची चोळी दुधानं भिजत होती. मरणाचं तिला एवढं वाटत नव्हतं. पोराला दुसरीची मांडी गोड लागेल, ही तिची धास्ती.

तेव्हा चंद्राक्का आली. गावची सुईण, तोंडानं फाटकी. तिचं एक बोट बाकीच्यांपेक्षा लांब होतं असं म्हणतात, आणि त्या बोटाला दुखणं वासानं कळायचं असंही म्हणतात.

अक्का म्हणाली, "कुठं दुखतंय? बोट ठेव."

वेणूनं बरगडीच्या सांध्यावर बरोबर एक बोट ठेवलं. अक्कानं तिथंच दाबलं. वेणू कळवळली.

"ही मुसळाची कळ," अक्का आत ऐकू जाईल अशी बोलली. "भागीरथे, पोर आण."

"आणि मेली म्हंजे?"

"तर माझ्या दारात येऊन बोंबल. देव काय बरगडी चाचपून बोलावतो व्हय?"

पोर आलं. ते अंगाला लागताच गावातली सगळी उखळं आपसूक घुमली, असं म्हणतात. मी ऐकलेली नाहीत.

मग बायका लपवलेली दुखणी घेऊन अक्काकडे यायला लागल्या. कुणी कच्चे पोहे खाऊन वर तांब्याभर पाणी प्यायलेली, तिचा वारा छातीत अडकलेला. कुणी खोकून खोकून बरगड्या दुखवून घेतलेल्या. एकीला तर नुसता नणंदेचा घोर. अक्का सगळ्यांना शिव्या द्यायची आणि बरं करायची.

पुढच्या हंगामात भागीरथी उखळापाशी खाली बसली. वेणूनं पोर खाली ठेवलं आणि विचारलं, "आत्याबाई, कुठं दुखतंय? बोट ठेवा."

भागीरथीला बोट ठेवता येईना. तिनं अख्खा पंजा छातीवर दाबला. घाम सुटला होता, डावा हात जड झाला होता. तरी पुटपुटली, "मुसळाचीच असंल गं."

वेणू अक्काकडे धावली. अक्कानं या खेपेला दाबून पाहिलं नाही. "गाडी जुंपा," एवढंच म्हणाली. पलीकडच्या गावात डाक्टर होता, आणि नदी दुथडी भरलेली. अक्का पुढं झाली, तिनं ते लांब बोट पाण्यात बुडवलं, आणि पाणी बैलांच्या गुडघ्याखाली उतरलं, असं म्हणतात. गाडीत सासूचं डोकं वेणूच्या मांडीवर होतं. भागीरथी जगली. आणि परत आल्यावर तिनं सगळ्यात आधी दाराची ती कडी उपटून नदीत टाकली.

अजून आपल्याकडे पोह्यांच्या पहिल्या घाण्याला उखळाच्या काठावर पिठाचं एक बोट उमटवतात. छातीत दुखतं म्हटलं की पहिल्यांदा बोट ठेवायला सांगतात. बोट ठेवता आलं नाही, किंवा आलं तरी घाम, धाप असली, तर थांबत नाहीत, सरळ डाक्टरकडं नेतात. म्हणून देवळापुढं एक जीप कायम रस्त्याकडं तोंड करून उभी असते. तिच्यापुढं कुणी बैलसुद्धा बांधत नाही.

गेल्या साली माझ्याही छातीत कळ आली. मी बोट ठेवलं होतं, बरोबर एक. खोकल्याची होती. पण ते न बघताच एका शहाण्यानं माझ्या मापाचे बांबू तोडून दारात आणून टाकले. अजून माफी मागितलेली नाही त्यानं. तो बघा, मागं खांबाआड बसलाय. केरबा सुतार.