पालथा नगारा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा कुठला राजा राज्य करत होता हेसुद्धा कुणाला सांगता येत नाही.

समुद्राकाठी कोळ्यांची एक वाडी होती. समोर खडकांची रांग, आणि त्या खडकांमधून होडी आत येईल एवढीच एक वाट. धुकं पडलं की ती वाट दिसेनाशी व्हायची. मग किनाऱ्यावर, बरोबर त्या वाटेसमोर, मोठा नगारा वाजवत ठेवायचे. आवाजाच्या रोखाने होड्या घरी यायच्या. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं होतं.

पण त्या लोकांची आणखी एक रीत होती. मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला खरीच वाटली नाही. भरती येऊन ओसरायला लागली आणि तरी होडी परतली नाही, की नगारा थांबवायचा आणि वाळूत पालथा घालायचा. का, तर बुडालेली माणसं म्हणे त्या आवाजामागे घरी येतात आणि आणखी कुणाला तरी सोबत घेऊन जातात. नगारा पालथा झाला की होडीतली माणसं मेली, असं धरायचं. प्रेत नाही, निरोप नाही, आणि रडारड सुरू!

एकदा भर सकाळी धुकं उतरलं. वाडीच्या म्होरक्याचा धाकटा मुलगा सोबत्यांना घेऊन समुद्रावर गेला होता. नगारा वाजत राहिला. भरती आली, ओसरू लागली, होडीचा पत्ता नाही. म्होरक्या पुढे झाला आणि त्याने स्वतःच्या हातांनी नगारा पालथा घातला. अहो, पोटचा मुलगा! तरी घातला.

लगेच बायका दगड घेऊन त्याच्या धाकट्या सुनेकडे आल्या, तिच्या बांगड्या फोडायला. कमाल आहे की नाही? नवरा कदाचित हाकेच्या अंतरावर असेल, आणि इकडे यांची घाई. सुनेने हात मागे घेतले. ती घरात गेली, पितळी परात आणि बत्ता घेऊन आली, पालथ्या नगाऱ्याशेजारी बसली आणि परात बडवायला लागली.

सगळी वाडी हादरली. कुणी कानांवर हात ठेवले, कुणी पोरांना घरात कोंडलं. सासरा धावत आला. तू भुतं बोलावते आहेस, म्हणाला. थोरला मुलगा असाच गेला तेव्हाही नगारा आपणच पालथा घातला होता, जीव तेव्हाही तुटला होता, पण रीत मोडली नाही, असंही त्याने सांगितलं. मग तो तिच्यापुढे वाकला.

"पोरी, खोट्या आशेला लागू नकोस. तो आता यायचा नाही."

सून बडवायची थांबली नाही. "मामंजी, ते येतील की नाही मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण जिवंत असतील, तर या घडीला त्यांना आवाज हवा आहे."

तेवढ्यात तिची थोरली जाऊ, जिच्या बांगड्या कधीच फुटल्या होत्या, रिकामा हंडा घेऊन आली आणि शेजारी बसली. मग आणखी बायका आल्या. काहीजणी किनाऱ्याने हाका मारत पळायला निघाल्या, तर सुनेने त्यांना परत बोलावलं. आवाज चहूकडून आला तर होडी खडकावर आपटेल, सगळ्यांनी इथेच बसा, असं तिने बजावलं. हात दुखले की दुसरीने वाजवायचं. थोडं वाजवलं की सगळ्यांनी गप्प राहून कान द्यायचा. एकीला रडू आवरेना, तर सुनेने तिच्याही हातात बत्ता दिला आणि रडत रडत वाजव म्हणाली.

कितीदा वाजवलं, कितीदा गप्प बसल्या, समुद्राकडून काहीच येईना. पुन्हा वाजवलं. आणि मग एकदा त्या शांततेत धुक्यातून हाक आली.

होडी वाटेतून आत शिरली. सगळे जिवंत! तळहात सोलून निघालेले, ओठ पांढरे पडलेले, पण जिवंत. आया धावल्या, बाप धावले. म्होरक्याने मुलाला पोटाशी धरलं.

मुलगा धापा टाकत सांगू लागला. होडी पाण्याच्या ओढीला लागली होती, नगाऱ्याच्या आवाजावर ती कशीबशी वळवली होती. "मग नगारा बंद पडला, आबा. घरच्यांनी आपल्याला मेलेलं धरलं, हे आम्हाला कळलं. आम्ही वल्ही खाली टाकली. नंतर ही परात ऐकू आली, तेव्हा पुन्हा उचलली."

म्होरक्याचे हात सुटले. त्याने अगदी हळू विचारलं, "नगारा थांबलेला तुम्हाला ऐकू आला?"

"आला ना. आम्ही जवळच होतो."

म्होरक्याने थोरल्या सुनेकडे पाहिलं. ती आधीपासून त्याच्याकडेच पाहत होती. तो मटकन वाळूत बसला.

त्या वाडीत नगारा ज्याच्यासाठी कधी पालथा पडला नव्हता, असं घरच नव्हतं. आपली माणसं तिथे, धुक्यात, कान देऊन बसली असतील, हे एकेकाला उमगत गेलं. मला तर हे सांगतानासुद्धा धसका बसतो.

दुसऱ्या दिवशी म्होरक्याने नगाऱ्याच्या काठ्या धाकट्या सुनेच्या हाती दिल्या आणि वाडीचा कारभारही तिच्यावर सोपवला. त्यानंतर कुठलीही होडी परतली नाही, तर धुकं हटून समुद्र धुंडाळून होईपर्यंत तिने नगारा कधी थांबू दिला नाही.

लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याला आशा आहे त्याने हात चालवत राहावं, आणि ज्याच्यावर माणसं विसंबली आहेत त्याने तर हात कधीच थांबवू नयेत.